सारखे दाणे

वैशाखात चिचटोल्याच्या तलावात महाजाळ पडायचं त्या दिवशी बायांनी बांधावर यायचं नाही, अशी ढिवरपुऱ्याची रीत होती. कारण उघड होतं. सगळे गडी लंगोटीवर पाण्यात उतरायचे, छातीभर गाळपाण्यात उभं राहून जाळं ओढायचे, आणि बाहेर आल्यावर चिंचेखाली एका ओळीत ओली लंगोटी सोडून कोरडी नेसायचे. बापाशेजारी लेक, सासऱ्याशेजारी जावई. आडोसा धरणाऱ्याला टोमणा ठरलेला, "काऊन बे, सोनं लपवून आनलं का?" त्यामुळं कोणाच्या मांडीला नायटा झालाय आणि कोणाच्या आंडात पाणी भरलंय, हे घरच्या बाईआधी बांधाला कळायचं.

आणि पाणी भरलेले काही कमी नव्हते. वैनगंगेच्या त्या पट्ट्यात डास उदंड, ही बिमारी घरोघर. कोणी फारसं मनावर घेत नसे. मनावर घ्यायला लावणारा गावात एकच माणूस होता, डोमा भानारकर.

डोमा जाळ्याचा मुखिया. जिथं पाणी गळ्याला लागतं तिथं, जाळ्याच्या मधोमध त्याची जागा. त्यानं हाक दिली की दोन्ही टोकं वळायची. मालगुजारी गेली त्या साली तलावासाठी तहसीलदारापुढं ढिवरांच्या वतीनं तोच बोलला होता. खुर्ची मिळाली नाही म्हणून सतरंजीवर न बसता उभ्यानं बोलला होता. मासळी गाभण झाली की निवाडाही त्याचाच. पोट दाबून बाहेर आलेली अंडी तो तळहातावर घ्यायचा. दाणे लहानमोठे आणि एकमेकांना चिकटलेले असले तर कच्चे, अजून वेळ आहे, न्या बाजारात. दाणे सगळे सारखे नि मोकळे असले तर पिकले, मासळी आजउद्या पोट रितं करणार, सोडा परत पाण्यात. ही त्याच्या बापाची विद्या. तिच्यावर कोणी शंका घेत नसे, आणि डोमानंही कधी घेतली नव्हती.

पण त्याची जीभ! मुखरू शेंड्याचं आंड पाण्यानं चांगलं मडक्याएवढं झालं होतं. डोमानं त्याचं नाव ठेवलं मडक्या. "मडक्या, सांभाळून उतर बे, फुटलं तं तलाव वाहून जाईन!" बांधावर हशा पिकायचा, मुखरूही हसायचा. मग ते नाव बांधावरून पुऱ्यात आलं. मुखरूच्या पोरीच्या लग्नात, पंगतीत, नव्या जावयाच्या कानाशी तोंड नेऊन डोमा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "जावईबुवा, सासरा आंदनात मडकं देऊन राह्यला म्हनते. घ्याले गाडी आनली का?" लोक ठसका लागेस्तोवर हसले. मुखरू पानावरून उठला. हात न धुता तसाच मांडवाबाहेर गेला. डोमाला त्यात काही वावगं वाटलं नाही. थट्टा पचत नसेल तर माणसानं माणसांत येऊ नये, असं त्याचं मत.

पुढच्या दिवाळीनंतर एक दिवस लंगोटी आवळताना डोमाच्या हाताला स्वतःचंच लागलं. उजव्या बाजूला. मुखरूसारखं डुचमळणारं नव्हतं. दुखतही नव्हतं. नदीच्या पात्रातला गोटा हातात यावा तसं टणक आणि जड. त्यानं हात काढून घेतला, पुन्हा लावला. मग इकडंतिकडं पाहिलं. घरात कोणी नव्हतं, तरी त्याचे कान तापले.

पाणी भरलं असेल, त्यानं ठरवलं. गावात दुसरी बिमारी त्याला ठाऊकच नव्हती. आणि पाणी भरलं म्हणजे आता डोमाही मडक्या. तो शब्द गावात पेरला होता त्यानंच.

थंडी गेली, गोटा वाढला. वैशाख आला. जाळ्याच्या दिवशी डोमा धोतर नेसून बांधावर आला. लोक बघत राहिले.

"डोमाभाऊ, वरातीले चालला का?" इसरूनं विचारलं. इसरू जाळ्याचं डावं टोक धरायचा.

"कंबर धरली आहे. हवा लागू देऊ नोको म्हटलं वैदानं."

"पान्यात हवा लागते काय बाप्पा?"

"तू जाळं धर बे, शहानपना नोको शिकवू!"

पाण्यात धोतर फुगलं, गाळानं जड झालं, पायांत गुंतलं. हाक द्यायच्या नेमक्या वेळी डोमा घसरला. उजवं टोक उशिरा वळलं आणि तेवढ्या फटीतून मोठमोठ्या मासळ्या उड्या मारून गेल्या. असं कधी झालं नव्हतं. डोमानं सगळ्यांना आईमाईवरून शिव्या दिल्या. चिंचेखाली लंगोट्या बदलायच्या वेळी तो तडक घराकडं निघाला. मुखरूनं त्या ओल्या धोतराकडं एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. काही बोलला असता तर डोमानं त्याला तिथंच धुतला असता. न बोललेलं मात्र घरापर्यंत त्याच्या मागं मागं आलं.

बायको गोकुळा चुलीशी होती. "मले आंधळी समजता का?" ती पाठ न वळवताच म्हणाली. "चांद्याले जा. मोठा डाक्टर आहे म्हनते. मुखरूभाऊले सोबत न्या."

"त्याले? मरन, पन त्याले नाई सांगन."

"मंग एकटे जा. पन जा."

जाळ्याचं सूत आणायला चाललो असं सांगून डोमा निघाला. डोंग्यानं वैनगंगा ओलांडली, व्याहाडहून मोटार, मूलहून छोटी रेल. चांद्याच्या परकोटाबाहेर एका दवाखान्यात डॉक्टर कोतपल्लीवार बसत. माणूस तिथलाच, नागपूरला शिकून आलेला, तोंडानं तिखट. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि डोमाच्या त्या जागेमागं बॅटरीचा दिवा धरला.

"पाणी असतं तर उजेड पार आला असता. कंदिलाच्या काचेसारखं लाल दिसलं असतं," ते म्हणाले. "काही दिसतं?"

डोमानं मान खाली घालून पाहिलं. अंधार होता.

"ही गाठ आहे. आंड काढावं लागेल. आधी का नाही आलास?"

 तहसीलदारापुढं उभ्यानं बोललेला माणूस तो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. एकदाच पुटपुटला, "साहेब, बाहेर कोनाले नोका सांगू."

गाठ काढली. तिचा तुकडा नागपूरला गेला, तिथं त्याचे कागदाहून पातळ काप करून काचेवर चिकटवणार होते. डोमा खाटेवर पडून राहिला. वॉर्डात विचारणाऱ्याला सांगे, आतडं उतरलं होतं.

शेजारच्या खाटेवर लालसू होता. एटापल्लीकडचा माडिया गोंड, वयानं तिशीच्या आतला. जंगल खात्याच्या ट्रकनं त्याला आणून सोडलं होतं. मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यालाही तीच बिमारी, तसाच गोटा, आणि पोटही फुगलेलं. पण लालसूला लाज म्हणून नव्हती. वॉर्डात कोणी नवीन माणूस शिरला, मग तो झाडूवाला असो की कोणाचा मामा, लालसू कापड बाजूला करून दाखवायचा आणि विचारायचा, "इद बाता?" हे काय आहे? ज्याला त्याला तेच. कोणाला तरी ठाऊक असेल, कोणी तरी सांगेल, एवढाच त्याचा हिशेब. डोमा सिरोंच्यापर्यंत मासे विकून आलेला, त्याला गोंडीचे तेवढे शब्द कळत होते.

लालसूनं त्यालाही विचारलं. खाटेवरून अर्धा उठून, डोळ्यांत डोळे घालून. "इद बाता?"

साऱ्या वॉर्डात त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या अंगावर बाळगणारा एकटा डोमा होता. तो भिंतीला टेकला आणि मोठ्यानं म्हणाला, "पाहा बाप्पा! दुकान उघडून बसला आहे. जंगलातल्यायले लाज कुठी विकत भेटते?"

वॉर्ड हसला. लालसूला शब्द कळले नाहीत, हसू कळलं. तोही सगळ्यांकडं बघून हसला, आणि मग कापड नीट करून आडवा झाला. त्यानंतर त्यानं डोमाला काही विचारलं नाही. डोमा सुटून घरी निघाला तेव्हा लालसू झोपला होता. निदान डोळे तरी मिटलेले होते.

घरी गोकुळेला सांगावंच लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जीव राह्यला ना? मंग झालं." डोमानं तिला गळ्याची शपथ घातली. गावात कळलं तर म्हणतील, डोमा बडवलेला बैल झाला. ती म्हणाली, "बैलच तं नांगर ओढते." पण शपथ पाळली.

ज्येष्ठात डॉक्टरांनी बोलावलं होतं तसा डोमा पुन्हा चांद्याला गेला. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, त्याच्या नळीला एक छोटा आरसा लावलेला, आणि शेजारच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेली गोल गोल चित्रं. डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते.

"ये, नागपूरहून काच आली. तुझीच गाठ बघ."

डोमानं डोळा लावला. जांभळ्या रंगाचे ठिपके, खचाखच, एकाशेजारी एक.

"आपलं अंग अशा बारीक पेशींचं बनलेलं असतं," डॉक्टर सांगू लागले. "प्रत्येकीच्या पोटात एक गडद दाणा दिसतो, त्याला केंद्रक म्हणतात. आंडाच्या गाठी काही एका जातीच्या नसतात. कोणती जात, ते ह्या दाण्यांवरून कळतं. म्हणून मी आरशातून एकेक दाणा कागदावर उतरवतो आणि मोजतो, किती लहान, किती मोठा, एकमेकांत फरक किती. तुझे पाहिलेस? सगळे जवळपास सारखे. एका मापाचे. आता नागपूरला जाऊन किरणांचा शेक घ्यायचा. लगेच. मी चिठ्ठी देतो."

 नळीच्या तळाशी त्यानं जे पाहिलं होतं ते त्यानं जन्मभर तळहातावर पाहिलं होतं. मासळीची अंडी. आणि डॉक्टर स्वतःच्या तोंडानं सांगत होते, सगळे सारखे, एका मापाचे. म्हणजे पिकले. आजउद्या साऱ्या पोटात सांडणार. नुसतं बोट दाबलं की पिकलेली मासळी कशी वाहू लागते ते त्याला ठाऊक होतं, आणि हे म्हणतात मशीनखाली झोप, शेक घे. डॉक्टर हसत का होते तेही त्याला लगेच उमगलं. मरणाऱ्यापुढं माणसं हसूनच बोलतात. त्यानंही स्वतःच्या बापापुढं तसंच केलं होतं.

एक शब्द विचारला असता. "साहेब, सारखे म्हंजे चांगलं का खराब?" एवढंच. पण दार उघडं होतं, बाहेर बाकड्यावर माणसं होती, त्यात दोन बाया. त्या जागेबद्दल तोंड उघडायचं, आणि तेही काही कळत नाही म्हणून? डोमा भानारकरानं?

"हो साहेब," तो म्हणाला. चिठ्ठी घेतली, आणि नागपूरची गाडी सोडून मूलच्या गाडीत बसला.

गोकुळेला म्हणाला, सगळं बरं आहे. आणि मरायची वाट बघू लागला. जाळं दुरुस्त केलं, डोंग्याला डांबर दिलं. कोणाला वाकडं बोलेना. पुऱ्यातल्या लोकांना बरं वाटलं, डोमाभाऊ शांत झाला म्हणू लागले.

आषाढात इसरूनं गाभण रोहू आणून दिला, निवाड्याला. डोमानं पोट दाबलं. तळहातावर दाणे आले, मोकळे, सगळे सारखे. तो त्यांच्याकडं बघत बसला. इसरूनं दोनदा विचारलं, "सोडू का पान्यात?" डोमानं हात झटकला, मासळी तिथंच टाकली आणि पडवीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

संध्याकाळी मुखरू आला. लग्नातल्या पंगतीनंतर त्यानं ह्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. खाटेच्या काठावर बेतानं बसला, ते मडकं सावरून.

"काऊन बे डोमा," तो म्हणाला, "महिना होऊन राह्यला, मले मडक्या म्हटलं नाई तू. मले वाटलं मीच मेलो, आन् मलेच कोनी सांगून नाई राह्यलं."

डोमाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मग एकदम सगळं बाहेर पडलं. धोतर, दिवा, काढून टाकलेला गोटा, जांभळे दाणे. बोलताना त्यानं मुखरूकडं पाहिलं नाही. आता हसेल, मग हसेल, म्हणून पाठ आवळून बसला.

मुखरू हसला नाही. "सारखे म्हंजे पिकले, हे डाक्टर बोलला?"

"नाई. मले समजलं."

"तुले समजलं! डाक्टर ढिवर आहे का बे? तू इचारलं काऊन नाई?"

डोमा भिंतीचा पोपडा नखानं खरवडू लागला.

"लाज आली," मुखरू म्हणाला. "मडकं माह्यं, लाज तुले." तो उठला. "गोकुळाबाई, भाकरी बांधा. आमी चांद्याले जाऊन राह्यलो."

वैनगंगा दुथडी भरली होती. डोंगा मुखरूनंच वल्हवला. डोमा पुढं बसून होता, पाणी उपसत. पाठीमागून मुखरूचा धाप लागलेला श्वास ऐकू यायचा, आणि त्या अवजड ओझ्यानं त्याला नीट बसता येत नव्हतं हेही डोमाला न बघता कळत होतं. आजवर त्यावर तो फक्त हसला होता. दुखतं का रे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात बाकडी भरलेली. मुखरू सरळ दारात गेला आणि तलावावर हाक द्यावी तसा ओरडला, "साहेब, ह्याच्या गोट्यातले दाने पिकले का कच्चे, ते सांगा! महिना झाला, घरी बसून मरून राह्यला हा!"

बाकड्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. एका बाईनं तोंडावर पदर घेतला. डोमाला वाटलं, जमीन फाटावी.

कोतपल्लीवारांनी दोघांना आत ओढलं. ऐकून घेताना त्यांचा चेहरा लाल होत गेला. "पिकले? अरे, गाठ म्हणजे मासळी आहे का? नागपूरला गेलाच नाहीस?" त्यांनी डोमाला झोपवून पोट चाचपलं, बेंबीपाशी बोटं थांबली. पुन्हा दाबून पाहिलं. "इथं गाठ आली आहे. ज्येष्ठात नव्हती."

मग त्यांनी कपाटातून एक काच काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "ये. बघ."

डोमानं डोळा लावला. इथंही जांभळे दाणे, पण एक मोहरीएवढा, शेजारचा लिंबाएवढा, कोणी फाटलेला, कोणी वाकडा. सारखे दोन सापडत नव्हते. त्याच्या विद्येनुसार हे कच्चे होते. अजून पुष्कळ वेळ होता.

"ही वाईट जात," डॉक्टर म्हणाले. "केंद्रकं अशी लहानमोठी झाली की आमच्या हातात फार काही नसतं. किरणांनाही ती दाद देत नाहीत. तुझी सारखी आहेत, ती जात शेकानं विरघळते. मी तुला हसून सांगत होतो, कारण मला आनंद झाला होता!"

डोमाचा डोळा नळीवरच होता. "हे कोनाचे, साहेब?"

"तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या लालसूचे. तू गेलास, त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला." डॉक्टरांचा आवाज चढला. "त्याचे दाणे तुझ्यासारखे निघाले असते ना, तर मी त्याला खांद्यावर टाकून नागपूरला नेला असता. तुझे निघाले, आणि तू पळालास. विचारायला तोंड नव्हतं तुला?"

विचारायला तोंड होतं ते त्या माणसाला. ज्याला त्याला विचारत होता. डोमानं डोळा काढला नाही. काढला असता तर मुखरूला तोंड दाखवावं लागलं असतं. वॉर्डातलं ते हसू त्याला ऐकू येत होतं, त्यात लालसूचं हसूही होतं, काही न कळता सगळ्यांबरोबर हसलेलं. नळीच्या काचेवर पाणी पडलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

नागपूरला पोटावरही शेक द्यावा लागला, म्हणून मुक्काम लांबला. अन्न पोटात ठरेना, अंगातलं पाणी आटल्यासारखा झाला. पण गाठ विरघळली. मुखरू आधी त्याच्याजवळ राहिला. नंतर गोकुळा आली, तेव्हा परत निघताना कोतपल्लीवारांना गाठून त्यानं स्वतःचं पाणीही काढून घेतलं. गावात येऊन बांधावर सगळ्यांना दाखवलं म्हणे, न विचारता.

डोमा दिवाळीला घरी आला. एकदा गडचिरोलीच्या बाजारात त्याला एटापल्लीकडचे माडिये भेटले, मोहाची फुलं विकायला बसलेले. लालसूचं गाव विचारावं म्हणून तो त्यांच्यापुढं बराच वेळ उभा राहिला. त्यांनी वर पाहिलं तेव्हा फुलं विकत घेऊन परत आला. त्या गावाला तो कधी गेला नाही. काय सांगणार होता जाऊन?

वैशाखात पुन्हा महाजाळ पडलं. डोमा लंगोटीवर आला. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं बळ आता उरलं नव्हतं. मधली जागा इसरूला गेली आणि डोमानं काठावरचा दोर धरला, जिथं म्हातारे उभे राहतात. जाळं निघालं. चिंचेखाली ओळ लागली. डोमानं ओळीत उभं राहून ओली लंगोटी सोडली आणि कोरडी शोधायला लगेच वाकला नाही. सगळ्यांनी पाहिलं. तो वाट बघत होता, कोणी तरी एक शब्द बोलावा. बैल म्हणावं, काही म्हणावं. त्यानं आजवर जे दुसऱ्यांना दिलं होतं त्यातलं थोडं तरी परत यावं. ओळीनं नजरा आपापल्या लंगोट्यांकडं वळवल्या. कोणाच्या तरी लंगोटीतून पाणी ठिबकत होतं.

शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "मुखरूभाऊ, माही कोरडी दे तं."

मुखरूनं लंगोटी त्याच्याकडं फेकली. "मडक्या म्हन बे! मडकं गेलं तरी नाव राहू दे. भाऊ म्हटलं का मले वाटते, कोनी मेलं."

ओळ हसली. डोमानं लंगोटी झेलली, नेसली, गाठ मारली. लालसूनं वॉर्डात कापड नीट केलं होतं, तसं तो ते पुन्हा पुन्हा नीट करत राहिला.

"मेलंच ना बाप्पा," तो म्हणाला. हसण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही.